नावापुरता फोन

सोमवार, २७ मे २०१९
बर्च लिक, केंटकी

प्रिय बबी,

काल कबरी सजवून झाल्या. यंदा टेकडीवर आम्ही सहाच जणं चढलो. त्यात दोघांचे गुडघे गेलेले आणि एक पाद्रीबाबा, म्हणजे कामाचं बोलायलाच नको. गवत मीच कापलं. आईला पिवळी फुलं ठेवली. बाबांच्या कबरीवर तू सहावीत केलेला लाकडी पक्षी अजून आहे, फक्त एक पंख गेलाय. पर्ल मावशीला मात्र प्लास्टिकचीच फुलं दिली. जिवंत होती तोवर तिने कुणाला अंगणातलं एक फूल तोडू दिलं नाही, मग मेल्यावर तिला खरी फुलं कशाला? दहा वर्षं झाली तिला जाऊन, तरी तिच्या कबरीजवळ गेले की मी आधी बूट झटकते. हाच पाद्रीबाबा वर्गणी मागायला गेला होता तेव्हा तिने झाडू घेऊन त्याला ओढ्यापर्यंत पळवला होता. काल तो तिच्या कबरीपासून चार हात लांबच उभा राहिला. मी हसले, तर त्याला राग आला.

तुझा नावापुरता फोन बरोबर चारला आला. मशीन म्हणालं, तुरुंगातून फोन आहे, करणाऱ्याचं नाव, आणि मग तुझा आवाज, "बबी". एवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी फोन ठेवते. पैसाही लागत नाही. शेजारच्या आयडाला वाटतं, ही बाई दर रविवारी सख्ख्या भावाच्या तोंडावर फोन आपटते. वाटू दे. "डेलबर्ट" हे खरं नाव म्हणालास तर फोन घ्यायचा, हे माझ्या ध्यानात आहे. दीड वर्षात ते नाव ऐकायची पाळी आली नाही. देव करो आणि न येवो. खरं सांगू, दर रविवारी पावणेचारपासून मी फोनपासून हलत नाही. तू आत गेलास त्या दिवसापासून मला फक्त एकाच गोष्टीची भीती आहे, की तू गेलास तसा परत येणार नाहीस.

एकशे एकाहत्तर दिवस राहिले. चौदा नोव्हेंबरला मी मक्याची भाकरी आणि घेवडा शिजवून ठेवणार आहे. दारातल्या लायलॅकचा तुरा दाबून या पत्रात घातलाय. वास उरला असेल तर घे.

तुझी,
सिस्सी

०

७ जून २०१९
ब्लॅक रिज तुरुंग

प्रिय सिस्सी,

तुझा तुरा नाही, त्याचा डाग आला. आता टपाल आम्हाला मूळ देतच नाहीत. ऑफिसात त्याची झेरॉक्स काढतात, ती आमच्या हातात ठेवतात आणि मूळ कागद फाडून टाकतात. झेरॉक्समध्ये लायलॅक म्हणजे मेलेला कोळी दिसतो. तरी मी आणि टॉलिव्हरने वास घेऊन बघितला. शाईचा आला.

टॉलिव्हर म्हणजे माझ्या खालच्या खाटेवरचा म्हातारा. एकोणतीस वर्षं आत आहे. चेकर्सच्या सोंगट्यांत मला रोज हरवतो आणि वर मलाच समजावतो की हरण्याने माणूस सुधारतो. त्याचा चष्मा फुटलाय, म्हणून तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवतो. मावशीच्या झाडूचा किस्सा त्याने तीनदा वाचायला लावला. म्हणाला, या बाईला आमच्या बराकीवर पहारेकरी नेमायला हवी होती.

नवे फोन बसले. सोमवारी आम्हाला रांगेत उभं करून मशीनमध्ये आपापलं नाव बोलायला लावलं. सगळे पूर्ण नाव, आडनाव सांगत होते, मी म्हणालो "बबी". मागची पोरं खो खो हसली. हसू दे. तुझ्या कानाला नेहमीचंच ऐकू यायला हवं ना.

एक नवा माणूस आलाय, स्टाइल्स. त्याची आई आजारी आहे आणि त्याचा स्वतःचा फोनचा पिन अजून लागू झालेला नाही. बिचाऱ्याला एका फोनपुरता मी माझा दिला. त्यावरून टॉलिव्हरने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. म्हणतो, इथे चमचा द्यावा, पांघरूण द्यावं, पिन देऊ नये. म्हातारपणी माणूस संशयी होतो. तू होऊ नकोस.

तुझा,
बबी

०

२४ जून २०१९
बर्च लिक

प्रिय बबी,

मी संशयी आहेच, आणि म्हातारपणाला अजून अवकाश आहे. कुणाचीही आई आजारी असो, आपला पिन आपल्यापाशी ठेवावा. पण तुला सांगून काय उपयोग? लहानपणी तू दुसऱ्याच्या कुत्र्याला आपला डबा चारून उपाशी घरी यायचास.

तीनही रविवार तुझा आवाज ऐकला. नवे फोन चांगले आहेत बाई, आवाज अगदी दारात उभा राहिल्यासारखा येतो. तू हसू दाबून बोलतोस आणि मागे कुणीतरी हसत असतं, तेही ऐकू येतं. तुझ्याभोवती हसणारी माणसं आहेत हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या रात्री नीट झोपले.

फक्त एक विचारते. काल फोन चारला न येता दीडला आला, मी चर्चमधून येऊन टोपीसुद्धा काढली नव्हती. आणि बुधवारी दोनदा आला, एकदा तर मी अंघोळीतून धावत आले. दोन्ही वेळा "बबी"च, मागे तेच हसू. बरा आहेस तर मधल्या वारी फोन कशाला? आणि पत्र का नाही? सतरा दिवस झाले. शाळेला सुट्टी लागल्यापासून स्वयंपाकघराचं कामही नाही, त्यामुळे मी दिवसभर घरी नुसती पोस्टाची गाडी बघत बसते. चार ओळी लिही.

तुझी,
सिस्सी

०

५ जुलै २०१९
ब्लॅक रिज तुरुंग

प्रिय व्हर्ना,

मी बरा आहे. अंघोळीच्या जागी पाय घसरून पडलो, उजवा हात दुखावला, म्हणून अक्षर असं येतंय. काळजीचं कारण नाही.

रविवारचा फोन ठेवू नकोस, घे. माझा एक मित्र बोलेल. तो सांगेल ते नीट ऐक आणि तसं कर. त्यात माझं भलं आहे.

लवकर भेटायला ये.

डेलबर्ट

०

१२ जुलै २०१९

मिस व्हर्ना,

आपली ओळख नाही. मी ऑगस्टस टॉलिव्हर, तुमच्या भावाच्या खालच्या खाटेवरचा. सोमवारी मला एकाएकी ब्लॅक रिजमधून हलवलं आणि इथे दुसऱ्या तुरुंगात आणलं, चार तासांवर. तुमच्या पत्रांच्या कोपऱ्यातला पत्ता बबीच्या तोंडून ऐकून पाठ झाला होता. इथे चष्माही मिळाला आहे, त्यामुळे लिहू शकतो. तिथे असतो तर हे लिहिण्याची माझी छाती झाली नसती.

जे आहे ते सरळ सांगतो. तुमचा भाऊ पडलेला नाही.

त्याने स्टाइल्सला पिन एकदा दिला, तो परत मिळालाच नाही. तेव्हापासून बबीने फोनला हात लावलेला नाही. नव्या मशीनमध्ये नाव एकदाच बोलायचं असतं. ते भरून ठेवतात आणि पुढे दर वेळी तेच वाजवतात. तुम्ही रविवारी जो आवाज ऐकता तो तीन जूनचा आहे. मागे जे हसतात ते त्या दिवशी रांगेत हसले होते, त्यात मीही होतो. फोन लावणारा स्टाइल्स असतो. तुम्ही नाव ऐकून फोन ठेवता, आणि तो रागावून खाटेकडे येतो. बहिणीला फोन घ्यायला सांग, म्हणून. असे रविवार किती झाले ते तुम्हाला माहीत आहे. हे लिहू की नको याचा मी तीन दिवस विचार केला. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण कळायला हवं.

पाच तारखेचं पत्र त्याने माझ्यासमोर लिहिलं, शेजारी स्टाइल्स बसला होता. तुमची पत्रंही जूनपासून आधी तोच वाचतो, मग बबीला देतो. म्हणून हे त्याला लिहू नका. एक कैदी दुसऱ्या कैद्याला पत्र लिहू शकत नाही, त्यामुळे माझाही त्याला निरोप जाणार नाही. तुम्ही मला लिहू शकता.

ऑ. टॉलिव्हर

०

१६ जुलै २०१९
बर्च लिक

मिस्टर टॉलिव्हर,

तुमचं पत्र आज मंगळवारी आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगते, आधी मला वाटलं की तुम्हीही त्यांच्यातलेच. कुणास ठाऊक, त्या स्टाइल्सनेच लिहून घेतलं असेल. मग वाटलं, म्हाताऱ्याने बबीला पिन देऊ नको म्हणून बजावलं होतं, अबोला धरला होता. तेवढ्यावर विश्वास ठेवते आहे. माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

बबीने मला आयुष्यात कधी व्हर्ना म्हटलं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने खाली "डेलबर्ट" अशी सही केली. आमच्यात त्या नावाचा एकच अर्थ आहे, संकट आहे, फोन घे. फोनवर ते म्हणायची त्याला सोय राहिली नव्हती म्हणून कागदावर म्हणाला. मी रविवारी फोन घेतला.

मशीन म्हणालं "बबी", मागे हसू, आणि फोन घ्यायला मी एकचा आकडा दाबला. दुसराच आवाज आला. गोड, अगदी चर्चमध्ये दार उघडून देणाऱ्या माणसासारखा. मला मॅडम म्हणाला. म्हणाला, पहिल्या शनिवारी, तीन ऑगस्टला, तुम्ही भावाला भेटायला या. हमरस्त्यावरच्या हॉटेलच्या आवारात एक बाई भेटेल, ती भावासाठी छोटीशी भेट देईल, अंगावर नीट सांभाळून आत घेऊन या. फोनवरचं सगळं ते लोक ऐकतात, पण ऐकणाऱ्याला त्यात काय सापडणार? भेट म्हणे. मी शाळेत तीनशे पोरांचा स्वयंपाक करते, मला मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळतं.

मी म्हटलं, आधी माझ्या भावाचा आवाज ऐकवा. तो हसला आणि म्हणाला, "दर रविवारी ऐकताच की."

तुमचं पत्र वाचल्यावर मी रविवार मोजले. पाच. पाच वेळा मी आनंदाने फोन ठेवला आणि नंतर घेवड्याच्या शेंगा निवडत बसले.

काल मी ब्लॅक रिजच्या ऑफिसात फोन केला. फक्त एवढंच विचारलं की माझा भाऊ ठीक आहे का. तिथल्या बाईने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, तुमचा भाऊ तुम्हाला आठवड्यातून तीनदा फोन करतो, मॅडम, इतर कैद्यांच्या घरच्यांना एवढं सुख नसतं. मी आभार मानून फोन ठेवला.

वॉर्डनला सगळं सांगू का? की शनिवारी जाऊन ती वस्तू घेऊन जाऊ? मी सापडले तर मीही आत जाईन, आणि चौदा नोव्हेंबरला दार उघडायला घरी कुणी नसेल. पण नेली नाही तर तो चौदा नोव्हेंबरपर्यंत राहील का? मला सांगा. तीन तारखेला अठरा दिवस आहेत.

व्हर्ना कोम्ब्ज

०

२२ जुलै २०१९

मिस व्हर्ना,

वस्तू नेऊ नका. एकदा नेली की दर महिन्याला न्यावी लागेल, आणि मग बबीला चौदा नोव्हेंबरला स्टाइल्सचे लोक सुटू देणार नाहीत. दुभती गाय कोण सोडतं?

वॉर्डनलाही सांगू नका. सांगितलं तर ते बबीला एकट्याच्या कोठडीत ठेवतील, त्याच्याच भल्यासाठी. तिथे कोण कशासाठी जातं ते सगळ्या बराकीला माहीत असतं. पंधरा दिवसांनी बाहेर काढतील तेव्हा तो चुगलखोर म्हणून बाहेर येईल. वसंतात एका पोराचं असंच झालं. त्याच्या आईने तक्रार केली होती, चांगल्या मनाने. त्याचं पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. आगीतून फुफाट्यात जाऊ नका.

एकच दार आहे आणि ते बाहेरून लावायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर तो तुम्हाला वळवण्यासाठी बबीला पिळेल. घाबरून गप्प बसलात तरी पिळेल. पण तुम्ही भावाशी नातंच तोडलंत, तर पिळून काय निघणार? इथे निम्म्या माणसांना तसं पत्र एकदा तरी येतं. मला बायकोकडून आलं, १९९४ साली. ज्या दिवशी कुणाला ते येतं त्या दिवशी बराक गप्प होते, त्याची कुणी थट्टा करत नाही, स्टाइल्ससारखेसुद्धा. आटलेल्या गाईसाठी कुणी काठी झिजवत नाही. दोन दिवस तणतणेल आणि दुसरा कुणी शोधेल. हे वाईट आहे, पण असंच आहे.

तेव्हा असं पत्र लिहा. फोन कायमचा बंद करा, मशीनमध्ये सात दाबलं की होतो. नंतर नोव्हेंबरपर्यंत एक अक्षर लिहू नका, भेटायला जाऊ नका.

पत्र खरं वाटायला हवं, कारण पहिला वाचणारा स्टाइल्स आहे, आणि तो मूर्ख नाही. खूण ठेवायची तर कागदावर ठेवू नका, कागद फाडला जातो. असं काहीतरी लिहा जे घरच्या माणसालाच खोटं आहे हे कळेल. कळलं नाही, तर त्याला बहीण गेली असंच वाटेल. तो धोका आहे. मी इथून तो पत्करायला सांगतोय, हे मला कळतं.

ऑ. टॉलिव्हर

०

२८ जुलै २०१९
बर्च लिक

डेलबर्ट,

आज दुपारी तुझा फोन आला आणि मी सात दाबलं. आता या घरात तुझं नाव वाजणार नाही.

तुझ्या त्या मित्राने मला फोन करून मी काय करावं ते सांगितलं. तुझी ही शेवटची हौस होती. मी तुझ्यासाठी चोरीछुपे काही करणार नाही, या महिन्यात नाही, कधीच नाही. आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मी माझं लग्न मोडलं आणि तुला वाढवलं. तू काय केलंस? गोळ्यांपायी आधी माझा टीव्ही नेलास, मग बाबांची बंदूक, आणि शेवटी आईची अंगठी. मी शपथेवर सांगितलं होतं पोलिसांना की घरात चोर शिरला. तू स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतास, वर मला कॉफी करून दिलीस. गावात मी मान खाली घालून चालते ती तुझ्यामुळे. शाळेत पोरांच्या आया माझ्या हातचं वाढून घेताना माझ्या मनगटाकडे बघतात, मीही घेते का म्हणून.

तुझी खोली रिकामी केली. तुझे बूट, तुझी मासे पकडायची काठी, आईने शिवलेली रजई, सगळं पर्ल मावशीकडे नेऊन टाकलं. तिने हसतमुखाने ठेवून घेतलं. तिच्याकडेच जा सुटल्यावर. तिचं काळीज मोठं आहे, तिने आजवर कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही. माझ्या दारात येऊ नकोस.

पत्र लिहू नकोस. मी उत्तर देणार नाही.

व्हर्ना

०

९ सप्टेंबर २०१९
बर्च लिक

मिस्टर टॉलिव्हर,

सहा आठवडे झाले. काही नाही. रविवारी चारला मी फोनजवळ बसते, तो वाजणार नाही हे माहीत असून. सात दाबायच्या आधी मशीनने एकदा "बबी" म्हटलं होतं. खोटं तर खोटं, त्याचाच आवाज होता तो. आता तोही नाही.

तुम्ही म्हणालात पत्र खरं वाटायला हवं. मी खोटं लिहायला बसले होते. अर्ध्यात आले आणि कळलं की हे सगळं माझ्या पोटात होतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं. अंगठीचं मी त्याला कधी बोलले नव्हते. मला ठाऊक आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. मला भीती याचीच आहे. खऱ्या दहा गोष्टींत एक खोटी घातली, ती त्याला दिसेल का? अंगठीपाशीच त्याने वाचायचं थांबवलं असेल तर? पुढे मावशीपर्यंत तो पोचलाच नसेल तर?

आणि दुसरं. मे महिन्यात मी त्याला पत्र लिहिलं होतं, त्यात पर्ल मावशीच्या कबरीवर फुलं वाहिल्याचं सगळं आहे. तुम्ही ते तीनदा ऐकलंत म्हणे. ते पत्र अजून त्याच्या पेटीत असेल आणि त्या माणसाने ते काढून वाचलं असेल, तर मी माझ्या हाताने त्याच्या हातात काठी दिली. खूण ठेवताना हे मला सुचलं नाही. पत्र पेटीत टाकून घरी आले, चूल पेटवली, आणि मग आठवलं. धावत परत गेले तर पोस्टाची गाडी वळणावर होती. मी हात केला. त्याने मला हात केला आणि निघून गेला.

शाळा सुरू झाली आहे. शुक्रवारी मी घेवड्यात दोनदा मीठ घातलं. मुलांनी मुकाट्याने खाल्लं, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते समजा. फोन वाजला की उचलायच्या आधी मी खुर्ची ओढून बसते. तुरुंगातून माणूस मेल्याची बातमी फोनवर देतात की पत्राने? तुम्हाला माहीत असेल. नका सांगू.

व्हर्ना कोम्ब्ज

०

२० सप्टेंबर २०१९
ब्लॅक रिज तुरुंग

व्हर्ना,

पत्र लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितोय. तुझं ऐकायचे दिवस गेले.

तुझं पत्र बराकीत सगळ्यांसमोर वाचलं गेलं, मी वाचायच्या आधीच. तू फोन बंद केलास त्याने माझं काय झालं ते ऐकून तुला आनंद होईल. स्टाइल्स आता मला ओळखही दाखवत नाही. आठ दिवस शिव्या देत होता, मग पलीकडच्या ओळीतला एक नवा पोरगा त्याला जास्त आवडायला लागला. मी भिंतीकडच्या खाटेवर एकटा असतो. माझ्याशी कुणी बोलत नाही, माझ्याकडे कुणी काही मागत नाही. हेच हवं होतं ना तुला? घे. हात बरा झालाय, तुला विचारायचं नव्हतं तरी सांगतो. जुनी पत्रं मी सगळी फाडून संडासात टाकली, जूनमध्येच, तुझं एकही ठेवलेलं नाही.

अंगठीचं खरं आहे. बाकीच्याला मी उलट उत्तर देऊ शकतो, त्याला नाही. तुला माहीत होतं आणि तरी तू वर्षभर मला जेवायला वाढत होतीस, हे मला त्या पत्रातून कळलं. त्याबद्दल आता इथे काही लिहीत नाही.

चौदा नोव्हेंबरला दुपारच्या बसने उतरेन. तुझ्या दारात येणार नाही, घाबरू नकोस. तू म्हणालीस तसंच करीन, थेट पर्ल मावशीकडे चढून जाईन. माझ्यावर खरी माया तिनेच केली. तिला सांग, झाडू दाराआड ठेव, मी बूट झटकून येईन. आणि कुणी घेवडा शिजवणार असेल तर मीठ बेताने घाला म्हणावं. तिच्या अंगणातून तुझं घर खाली स्पष्ट दिसतं. मी तिकडे बघणारसुद्धा नाही.

बबी